यंत्रमानवांचे प्रेक्षक : 'गंडम' ते 'इव्हँजेलियन'

१

नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात भरताने प्रयोगाच्या सिद्धीचा विचार केला आहे. प्रयोग यशस्वी झाला हे कशावरून ओळखायचे, तर प्रेक्षकांच्या प्रतिसादावरून, असे त्याचे सरळ उत्तर आहे. स्मित, हास्य, 'साधु' आणि 'अहो' यांसारखे उद्गार, अंगावर उभे राहणारे रोमांच, आसनावरून उठणे, अंगावरची वस्त्रे किंवा बोटातल्या अंगठ्या नटांकडे फेकणे या मानुषी सिद्धीच्या खुणा होत. याहून वरची ती दैवी सिद्धी. तिच्यात रंगमंडप भरलेला असतो आणि तरीही शब्द नसतो, क्षोभ नसतो. याच अध्यायात भरत प्रयोगाला होणाऱ्या 'घातां'चीही यादी देतो. प्रतिस्पर्ध्यांकडून होणारा आरडाओरडा, शेण, ढेकळे आणि दगड यांचा मारा, इतकेच काय पण मुंग्या सोडणे, हे सारे त्या यादीत आहे.

सिद्धी आणि घात हे दोन्ही प्रेक्षागृहातूनच येतात. दाद कोणती आणि धोंडा कोणता हे भरताच्या रंगमंडपात बहुधा डोळ्यांना दिसत असावे. आधुनिक काळात, विशेषतः दूरचित्रवाणीसारख्या माध्यमात, निर्माता आणि प्रेक्षक एकमेकांसमोर नसतात. तेथे प्रेक्षकाचे मत पत्रांतून, मासिकांतून, खरेदीतून, आकडेवारीतून आणि अलीकडे संगणकाच्या पडद्यावरून निर्मात्यापर्यंत पोहोचते. अशा वेळी सिद्धी आणि घात यांतला भेद कसा करायचा, हा साहित्याच्या अभ्यासकांनीही विचारात घ्यावा असा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी एक अनपेक्षित वाटेल असे क्षेत्र निवडले आहे. ते म्हणजे जपानी दूरचित्रवाणीवरील यंत्रमानवांच्या अ‍ॅनिमेशन मालिका. या क्षेत्रात १९७९ ची 'मोबाइल सूट गंडम' आणि १९९५ ची 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन' या दोन मालिकांविषयी प्रेक्षकांनी जी मते दिली, त्यांनी त्या कलाकृतींचे पुढचे आयुष्य घडवले. प्रेक्षकांचे मत कलाकृतीला वाचवू शकते, तिला वेठीस धरू शकते आणि स्वतःच नवी कलाकृती बनू शकते, ही तिन्ही रूपे या इतिहासात सलगपणे पाहायला मिळतात.

२

जपानी दूरचित्रवाणीवर ओसामु तेझुका यांची 'तेत्सुवान आतोमु' ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी सुरू झाली. मेलेल्या मुलाच्या जागी घडवलेला यंत्रबालक हा तिचा नायक. मालिकेचा प्रायोजक मिठाई बनवणारी मेइजी ही कंपनी होती आणि तिच्या चॉकलेटांबरोबर आतोमुची चिकटचित्रे मुलांना मिळत. ती चॉकलेटे किती खपतात हे मालिकेच्या लोकप्रियतेचे एक माप ठरले. म्हणजे प्रेक्षकाचे मत प्रथम नोंदवले गेले ते दुकानाच्या गल्ल्यावर.

१९७२ च्या डिसेंबरात आलेल्या गो नागाई यांच्या 'माझिंगर झेड'ने या प्रकाराला नवे वळण दिले. तोपर्यंतचा यंत्रमानव एकतर स्वतः विचार करणारा होता, किंवा 'तेत्सुजिन २८'मधल्यासारखा दुरून कळ दाबून चालवायचा होता. 'माझिंगर झेड'मध्ये नायक यंत्राच्या मस्तकात जाऊन बसला आणि यंत्र त्याचे दुसरे शरीर झाले. या कल्पनेला खेळण्यांच्या व्यापाऱ्यांनी लगेच उचलून धरले. १९७४ पासून या यंत्रांच्या ओतीव धातूच्या जड, चकचकीत प्रतिकृती बाजारात येऊ लागल्या आणि पुढे यंत्रमानवाची मालिका म्हणजे दर आठवड्याला दाखवली जाणारी खेळण्याची अर्ध्या तासाची जाहिरात, असे समीकरणच बनले.

या व्यवस्थेत प्रेक्षकाची एक ठरलेली प्रतिमा होती. प्रेक्षक म्हणजे प्राथमिक शाळेतला मुलगा. त्याला दर भागात एक नवा राक्षस आणि शेवटी नायकाचा विजय हवा असतो. तो मत मांडत नाही, तो वडिलांकडे हट्ट धरतो. साहित्यशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हा संहितेने गृहीत धरलेला वाचक होता. फरक एवढाच की त्याची कल्पना लेखकाच्या आधी प्रायोजकाने केलेली होती.

३

'मोबाइल सूट गंडम'चा पहिला भाग ७ एप्रिल १९७९ रोजी, शनिवारी संध्याकाळी साडेपाच वाजता प्रक्षेपित झाला. निर्मिती निप्पॉन सनराइज या संस्थेची, मुख्य दिग्दर्शक योशियुकी तोमिनो, पात्रांचे रेखाटन योशिकाझु यासुहिको यांचे आणि यंत्रांचे कुनिओ ओकावारा यांचे. खेळणी बनवणारी क्लोव्हर ही कंपनी प्रायोजक होती.

वेळ मुलांची होती, रंगही मुलांचे होते. नायकाच्या यंत्रावर पांढऱ्याबरोबर निळा, लाल आणि पिवळा हे ठळक रंग आले, त्यामागे खेळण्याच्या दुकानाचा विचार होता. आतली गोष्ट मात्र वेगळी होती. पृथ्वीपासून दूर, अंतराळातील वसाहतींपैकी एक वसाहत स्वातंत्र्याच्या नावाने युद्ध पुकारते आणि या युद्धाच्या पहिल्याच महिन्यात निम्मी मानवजात मरते, असे पार्श्वभूमीचे निवेदन पहिल्या भागाच्या आरंभीच येते. यंत्र हे येथे एक शस्त्र आहे. ते कारखान्यात बनते, त्याचा दारूगोळा संपतो, त्याची दुरुस्ती करावी लागते. चिलखतासारखे अंगावर चढवायच्या या यंत्राची कल्पना रॉबर्ट हाइनलाइन यांच्या 'स्टारशिप ट्रूपर्स' (१९५९) या कादंबरीवरून सुचली होती. शत्रूकडची यंत्रे राक्षस नव्हती. एकाच साच्यातून निघालेली, सैनिकांनी चालवलेली यंत्रे होती. त्या सैनिकांना नावे होती, आणि काहींच्या मृत्यूवर शत्रूच्या गोटात शोक होत असे.

नायक आमुरो रे हा पंधरा वर्षांचा मुलगा. तो यंत्रात बसायला नकार देतो, चिडतो, एकदा जहाज सोडून पळूनही जातो. एका भागात तो बऱ्याच दिवसांनी आईला भेटतो. तेथे शोधायला आलेल्या शत्रुसैनिकावर तो गोळी झाडतो आणि आई घाबरून जाते. हा आपला मुलगा राहिला नाही, असे तिला वाटते. शनिवारच्या संध्याकाळी यंत्रांची मारामारी पाहायला बसलेल्या सात वर्षांच्या मुलाने या प्रसंगाचे काय करावे?

त्याने काही केले नाही. खेळणी अपेक्षेइतकी खपली नाहीत, प्रेक्षकसंख्याही कमी राहिली. प्रायोजकाच्या आग्रहाने मध्येच नायकाच्या यंत्राला जोडता येईल असे एक नवे वाहन कथेत आणले गेले. तरीही ५२ भागांची योजलेली मालिका ४३ भागांतच आटोपती घ्यावी लागली. शेवटचा भाग २६ जानेवारी १९८० रोजी दाखवला गेला. व्यवस्थेच्या दृष्टीने प्रेक्षकाचे मत मिळाले होते आणि ते प्रतिकूल होते.

४

परंतु ज्याचे मत मोजले गेले तो प्रेक्षक आणि ज्याने मालिका खरोखर पाहिली तो प्रेक्षक, हे एक नव्हते.

याची पूर्वसूचना 'उचू सेन्कान यामातो' या अंतराळकथेच्या वेळी मिळाली होती. १९७४ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली ती मालिकाही कमी प्रेक्षकसंख्येमुळे २६ भागांत संपवण्यात आली. पुढे तिचे पुनःप्रक्षेपण झाले, तरुणांची मंडळे स्थापन झाली आणि १९७७ च्या ऑगस्टमध्ये त्याच भागांचे संकलन करून काढलेल्या चित्रपटासाठी चित्रपटगृहांबाहेर रांगा लागल्या. अ‍ॅनिमेशन पाहणारा एक मोठा वर्ग शाळेच्या वरच्या वर्गांत आणि महाविद्यालयांत आहे, ही गोष्ट तेव्हा प्रथम ठळकपणे पुढे आली. १९७७ साली 'आउट' आणि १९७८ साली 'आनिमेज' ही मासिके सुरू झाली. त्याआधी डिसेंबर १९७५ मध्ये तोक्योत 'कॉमिक मार्केट' हा हौशी प्रकाशनांचा मेळा सुरू झालेला होता. आपापली पुस्तके स्वतः छापून आणणाऱ्या या मेळ्यातील सहभागींमध्ये आरंभी मुलींची संख्या फार मोठी होती.

'गंडम'चा प्रेक्षक या जगातला होता. धातूचे खेळणे घेण्याचे त्याचे वय नव्हते. त्याला पात्रांविषयी बोलायचे होते. मुखवट्याआडचा शार आझ्नाबल, ज्याचा सूड न्याय्य आहे की नाही हे मालिका स्वतः ठरवून टाकत नाही, त्याच्याविषयी मासिकांतून लिहिले जाऊ लागले. शब्दांवाचून एकमेकांचे मन जाणू शकणारी नवी माणसे, 'न्यूटाइप', हे मालिकेतले आशयसूत्र चर्चेचा विषय झाले. मने जुळण्याची ही शक्ती मालिकेत युद्धाच्या कामी लावली जाते आणि एकमेकांना सर्वांत जास्त समजणारी दोन माणसे एकमेकांसमोर शस्त्र घेऊन उभी राहतात. या शोकात्म विसंगतीची दखल तरुण प्रेक्षकांनी घेतली.

बाजाराने हे उशिरा पण नीट ओळखले. जुलै १९८० मध्ये, म्हणजे मालिका संपल्यावर सहा महिन्यांनी, बांदाई या कंपनीने 'गंडम'ची प्लास्टिकची जोडणी-प्रतिकृती बाजारात आणली. मूळ यंत्राच्या १४४ पट लहान, किंमत ३०० येन. ती घरी बसून जोडायची, घासायची, रंगवायची. पुढे शत्रूच्या साध्या सैनिकी यंत्रांच्या प्रतिकृतीही निघाल्या आणि त्याही तितक्याच आवडीने घेतल्या गेल्या. नायकाच्या विजयाची प्रतिमा म्हणजे खेळणे, ही जुनी कल्पना येथे मोडली. ज्या मुलाने शत्रूचे यंत्र घेतले, त्यावर चिखलाचे आणि गोळ्यांचे डाग रंगवले, त्याने मालिकेचा एक अर्थ लावला होता. पैसे देऊन केलेली खरेदी असली, तरी ती समीक्षेपासून फार दूर नव्हती. मूळचा प्रायोजक क्लोव्हर १९८३ साली दिवाळखोरीत निघाला.

मालिकेचे तीन चित्रपटांत रूपांतर करण्याचे ठरले. पहिला १४ मार्च १९८१ रोजी, दुसरा त्याच वर्षी जुलैमध्ये आणि तिसरा मार्च १९८२ मध्ये प्रदर्शित झाला. प्रायोजकाच्या आग्रहाने घुसवलेले ते जोडवाहन चित्रपटांतून वगळण्यात आले आणि त्याच्या जागी कथेला शोभेल असे साधे लढाऊ विमान आले. कलाकृती आपल्या खऱ्या प्रेक्षकाच्या दिशेने सरकली, ती अशी.

पहिल्या चित्रपटाच्या काही दिवस आधी, २२ फेब्रुवारी १९८१ रोजी, तोक्योतील शिंजुकु स्थानकाच्या पूर्वेकडील चौकात एक मेळावा झाला. जमलेल्या तरुणांची संख्या पंधरा हजारांच्या आसपास होती असे सांगितले जाते. तेथे 'आनिमे शिन्सेइकी सेन्गेन', म्हणजे 'अ‍ॅनिमेशनच्या नव्या शतकाची घोषणा', वाचली गेली. हा चित्रपटाच्या प्रसिद्धीचा कार्यक्रम होता हे विसरता येत नाही. परंतु व्यासपीठावर वेशभूषा करून घोषणा वाचणारे दोघे प्रेक्षकांपैकीच होते. शारच्या वेशात मामोरु नागानो होते आणि ललाहच्या वेशात मारिया कावामुरा. चार वर्षांनी, १९८५ साली, 'झेटा गंडम' ही पुढची मालिका आली तेव्हा तिच्यातील काही यंत्रांचे रेखाटन याच नागानोंनी केले. कावामुरा पुढे आवाजाच्या कलावंत झाल्या.

१९८१ च्याच सप्टेंबरात 'गंडम सेंच्युरी' हे पुस्तक निघाले. विज्ञानकथांची आवड असलेल्या तरुणांनी त्यात मालिकेतील युद्धाचा इतिहास, यंत्रांची रचना, अंतराळात तोल सांभाळण्याची रीत अशा अनेक गोष्टींचे सविस्तर विवेचन केले. त्यांतील पुष्कळशा गोष्टी मालिकेत कोठेही सांगितलेल्या नव्हत्या. रसिकांनी त्या तर्काने भरून काढल्या होत्या आणि पुढच्या काळात त्यांतल्या अनेक अधिकृत मानल्या गेल्या. भाष्यकाराने टीपेत लिहिलेले पुढच्या प्रतीत मूळ संहितेत शिरावे, तसा हा प्रकार आहे. आपल्या हस्तलिखित परंपरांच्या अभ्यासकांना तो नवा वाटू नये. १९८५ साली कादोकावा या प्रकाशनसंस्थेने अ‍ॅनिमेशनला वाहिलेले मासिक काढले, तेव्हा त्याचे नावच 'न्यूटाइप' ठेवले.

या सर्व घडामोडीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. 'गंडम'च्या चाहत्यांना मालिकेचा वेगळा शेवट नको होता. जे दाखवले गेले ते नीट पाहिले जावे, त्याला बालिश म्हणून बाजूला टाकू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. त्यांचे मत हे वाचन होते.

५

१९८१ च्या ऑगस्टमध्ये ओसाका येथे विज्ञानकथाप्रेमींचे वार्षिक संमेलन भरले. 'दाइकॉन ३' या नावाच्या त्या संमेलनाच्या प्रारंभासाठी काही विद्यार्थ्यांनी स्वतःच एक छोटा अ‍ॅनिमेशनपट बनवला. १९८३ च्या 'दाइकॉन ४'साठी त्यांनी दुसरा बनवला. लहानपणापासून पाहिलेली यंत्रे, जहाजे, राक्षस आणि नायक यांची त्यात गर्दी होती. या मंडळींतूनच १९८४ मध्ये गायनॅक्स ही संस्था उभी राहिली आणि त्यांच्यातच १९६० साली जन्मलेले हिदेआकी आन्नो होते. प्रेक्षक म्हणून वाढलेली पिढी निर्माती होत होती.

आन्नोंच्या बाबतीत हे प्रेक्षकपण निर्माता झाल्यावरही सुटले नाही. तोमिनोंच्या 'शार्स काउंटरअटॅक' या १९८८ च्या 'गंडम' चित्रपटाला पुरेशी दाद मिळाली नाही असे त्यांना वाटत होते. म्हणून १९९३ साली त्यांनी त्या चित्रपटावर एक हौशी पुस्तक संपादित केले. त्यात स्वतः तोमिनोंची मुलाखत आहे आणि इतर दिग्दर्शक व कलावंतांची मतेही आहेत. ते कॉमिक मार्केटमध्ये विकले गेले. व्यवसायाने दिग्दर्शक असलेल्या माणसाने हौशी प्रेक्षकाच्या वाटेने जाऊन मत मांडावे, ही घटना बोलकी आहे. 'इव्हँजेलियन' यानंतर दोनच वर्षांनी आली.

६

'शिन्सेइकी इव्हँजेलियन' ४ ऑक्टोबर १९९५ ते २७ मार्च १९९६ या काळात २६ भागांत दाखवली गेली. मूळ जपानी नावातील 'शिन्सेइकी', म्हणजे नवे शतक, हा शब्द शिंजुकुच्या घोषणेतही होता. या दोन घटनांमध्ये पंधरा वर्षांचे अंतर आहे आणि त्या काळात 'नव्या शतका'च्या प्रेक्षकाचे रूपही पालटले होते.

कथेचा सांगाडा ओळखीचा आहे. चौदा वर्षांच्या शिंजी इकारीला त्याचा दुरावलेला बाप बोलावून घेतो आणि एका प्रचंड यंत्रात बसून अज्ञात शत्रूंशी लढायला सांगतो. आमुरोचा नकार तात्पुरता होता. शिंजीचा नकार मात्र हेच मालिकेचे केंद्र आहे. आपण यंत्रात का बसतो, कोणासाठी बसतो, इतरांना आपण हवे आहोत का, हे प्रश्न तो अखेरपर्यंत विचारत राहतो. त्याभोवती धर्मग्रंथांतील नावे, गुप्त मंडळे, दडवलेले दस्तऐवज यांचे जाळे विणलेले आहे. साहजिकच प्रेक्षकांना वाटले की हे जाळे शेवटी उलगडेल.

पंचविसाव्या आणि सव्विसाव्या भागांत ते उलगडले नाही. बाहेरची कथा जवळजवळ थांबली. खुर्चीत बसलेला शिंजी, काळ्या पडद्यावर उमटणारी प्रश्नांची अक्षरे, अपुरी रेखाटने, संहितेची पाने, मध्येच एक हलकेफुलके शाळकरी जग, आणि अखेरीस सर्व पात्रे शिंजीभोवती उभी राहून त्याचे अभिनंदन करतात. यंत्रे आणि शत्रू यांचे काय झाले हे सांगितलेच गेले नाही.

यावर प्रेक्षकांत तीव्र मतभेद झाले. काहींनी या शेवटाला अ‍ॅनिमेशनमधील धाडसी प्रयोग मानले. आत्मशोधाच्या कथेचा शेवट मनाच्या आतच व्हायला हवा, असा त्यांचा मुद्दा होता. अनेकांना मात्र ही सरळ फसवणूक वाटली. वेळ आणि साधने संपल्यावर दिग्दर्शकाने आपल्या व्यक्तिगत खिन्नतेचा आसरा घेतला, अशी टीका झाली. पत्रे आणि संगणकीय संदेश यांचा पूर आला. त्यांतला काही मजकूर धमकीवजा होता.

या मतांना लगेच उत्तर मिळाले. वेगळा शेवट सांगणारा चित्रपट काढण्याचे ठरले. १९९७ च्या मार्चमध्ये त्याचा अर्धवट भाग दाखवला गेला आणि १९ जुलै १९९७ रोजी 'द एंड ऑफ इव्हँजेलियन' प्रदर्शित झाला. मागणी होती तशी बाहेरची कथा त्यात होती, यंत्रे होती, युद्ध होते, जाळ्याचा उलगडाही बराचसा होता. परंतु हा शेवट पहिल्याहून कितीतरी उग्र आणि अस्वस्थ करणारा निघाला. मानवजातीच्या सर्व मनांना एकात विरघळवून टाकणाऱ्या त्या प्रसंगात चित्रे अचानक थांबतात आणि पडद्यावर प्रत्यक्ष चित्रीकरण येते. त्यात चित्रपटगृहात बसलेले प्रेक्षक दिसतात. नंतर प्रेक्षकांनी पाठवलेल्या मजकुराचे तुकडे क्षणभर झळकून जातात. त्यात कौतुक आहे, तसाच द्वेषही आहे. स्वप्न आणि वास्तव यांविषयीचा पात्रांचा संवाद त्याच वेळी चालू असतो.

प्रेक्षकाचे मत येथे संहितेच्या आत आले. भरताच्या यादीतले दगड-ढेकूळ उचलून नटाने ते नेपथ्याचा भाग म्हणून मांडावेत, तसे हे झाले. यात सूड आहे असे काहींना वाटले, तर काहींना प्रामाणिकपणा दिसला. दोन्ही वाचनांना आधार आहे. मला मात्र यातील एक वेगळी बाजू महत्त्वाची वाटते. मालिकेचा विषय हा दुसऱ्या माणसाच्या मनाचे भय आणि तरीही त्याची ओढ हा आहे. दिग्दर्शकाला दुसरे मन भेटले ते प्रेक्षकाच्या रूपाने. म्हणून त्या पत्रांचे पडद्यावर येणे हे विषयाला सोडून नाही.

७

या दोन प्रेक्षकवर्गांत नेमका काय फरक पडला, याची मीमांसा जपानी समीक्षकांनी केली आहे. एइजी ओत्सुका यांनी १९८९ च्या 'मोनोगातारी शोहिरोन' या पुस्तकात असे मांडले की, ग्राहक जेव्हा चिकटचित्रांसारखे तुकडे जमवतो तेव्हा त्याला खरे तर त्यांमागची मोठी कथा हवी असते. तुकडे पुरेसे जमले की तो त्या कथेत स्वतःचीही भर घालू शकतो. 'गंडम सेंच्युरी'च्या लेखकांनी हेच केले होते. त्यांना एका काल्पनिक जगाचा सुसंगत इतिहास हवा होता.

हिरोकी आझुमा यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात यापुढचे पाऊल टाकले. 'इव्हँजेलियन'च्या बहुतांश चाहत्यांना मागच्या मोठ्या कथेशी फारसे देणेघेणे नव्हते, असे ते म्हणतात. त्यांना पात्रे हवी होती, आणि ती कोणत्याही कथेत बसवता येतील अशा सुट्या घटकांच्या रूपात हवी होती. आझुमा यांच्या मते शेवटच्या भागातील ते शाळकरी जग म्हणजे चाहत्यांच्या हौशी पुस्तकांतून रंगवल्या जाणाऱ्या चित्रांचे, खुद्द मूळ कृतीनेच केलेले विडंबन होते. मूळ आणि अनुकरण यांची उतरंडच येथे मोडली.

आझुमांचे विश्लेषण मार्मिक असले तरी ते पूर्णपणे स्वीकारणे मला अवघड जाते. प्रेक्षकाला केवळ पात्रांचे सुटे घटक हवे असते, तर शेवटावर एवढा संताप झाला नसता. ज्याला कथेचे काही वाटत नाही, तो कथेचा शेवट चुकला म्हणून पत्र लिहीत नाही. त्या संतापात अर्थाची मागणी होती. ती उद्धटपणे केली गेली, काही वेळा अक्षम्य भाषेत केली गेली, पण ती होती. आणि तिच्यामुळेच एक दुसरी कृती जन्माला आली, जिची गणना आज पहिल्या शेवटाच्या बरोबरीने होते.

तरीही मत आणि मागणी यांत भेद करावा लागतो. मत हे कृतीकडे पाहून बनते. मागणी पाहणाऱ्याच्या अपेक्षेतून निघते. शेरलॉक होम्सला १८९३ साली मारून टाकल्यावर कॉनन डॉइल यांना वाचकांच्या रोषाला तोंड द्यावे लागले आणि १९०३ साली त्याला जिवंत करावे लागले. त्यामुळे कथा वाढल्या, पण मृत्यूची ती कथा मात्र कायमची पोकळ झाली. आन्नोंनी मागणी मान्य केली आणि ती पूर्ण करताना मागणी करणाऱ्यालाच आरसा दाखवला. लेखकाचे स्वातंत्र्य त्यांनी असे राखले. धमकी सहन करावी लागलेल्या माणसाने राखलेले ते स्वातंत्र्य होते, हे विसरून त्याचे नुसते कौतुक करणे मात्र बरोबर नाही.

८

आन्नोंनी २००७ पासून हीच कथा नव्याने चार चित्रपटांत सांगितली. शेवटचा चित्रपट ८ मार्च २०२१ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या अखेरीसही चित्रे सरून प्रत्यक्ष चित्रीकरण येते, पण या वेळी पडद्यावर प्रेक्षकांची पत्रे नाहीत. दिसते ते उबे हे दिग्दर्शकाचे जन्मगाव, त्यातले एक साधे रेल्वे स्थानक आणि आजूबाजूची वस्ती. वाद पंचवीस वर्षे चालला आणि त्याच्या शेवटी दिग्दर्शकाने प्रेक्षकाला बाहेरचे जग दाखवले.

२०२५ साली या इतिहासाला आणखी एक कडी जोडली गेली. 'मोबाइल सूट गंडम जीक्वॅक्स' ही मालिका सनराइज आणि आन्नोंची खारा ही संस्था यांनी मिळून काढली. दिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी हे 'इव्हँजेलियन'चे सहायक दिग्दर्शक होते आणि लेखनात आन्नोंचा सहभाग होता. दुसऱ्या भागात आमुरोऐवजी शार ते पांढरे यंत्र हस्तगत करतो आणि १९७९ च्या मालिकेतले युद्ध उलट्या बाजूने संपते, अशी तिची कल्पना आहे. 'असे झाले असते तर' हा प्रश्न मुळात प्रेक्षकाचा. हौशी पुस्तकांतून तो अनेक वर्षे विचारला जात होता. ज्यांनी तरुणपणी 'गंडम' पाहिली, त्यावर वाद घातले, पुस्तके काढली, त्यांनीच तो 'गंडम'च्या नावाने अधिकृतपणे विचारला.

साहित्याच्या अभ्यासात स्वीकृतीचा विचार करताना आपण बहुधा अनुकूल मते किती आणि प्रतिकूल किती यांची मोजदाद करतो. 'गंडम'च्या बाबतीत ती मोजदाद १९८० साली झाली होती आणि ती चुकीच्या माणसांची होती. 'इव्हँजेलियन'च्या बाबतीत प्रतिकूल मते मोजली तर पहिला शेवट अपयशी ठरतो, पण पुढच्या पाव शतकात जे घडले त्याचे बीज त्या अपयशातच होते. म्हणून मताची बाजू कोणती यापेक्षा मताने कोणते रूप घेतले हे पाहणे अधिक फलदायी ठरेल. चिकटचित्र जमवणे, यंत्रावर चिखलाचे डाग रंगवणे, पत्र लिहिणे, धमकी देणे, पुस्तक संपादित करणे, नवी मालिका काढणे ही सारी प्रतिसादाचीच रूपे आहेत, पण त्यांची योग्यता एक नाही. ज्या रूपात कृती पुन्हा नीट पाहिली जाते ती सिद्धी आणि ज्या रूपात ती पाहणेच थांबते तो घात, असा निकष यातून काढता येईल.

भरताने दैवी सिद्धीचे लक्षण म्हणून सांगितलेली ती भरल्या मंडपातली निःशब्दता दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांकडून मिळणे कठीण आहे. एकेकट्याने घरात बसून पाहणाऱ्याचे मौन निर्मात्याला ऐकू जात नाही. ते मोजण्याचे साधन नसल्यामुळेच १९८० साली एक मालिका नऊ भाग आधी संपवली गेली.